१२० मीटरच्या खालचं आकाश मोकळं असतं का? ओझरच्या आसपास ड्रोन उडवणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आलाय. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षबाग आहे, फवारणीचा ड्रोन घ्यायचाय, भाच्याकडे लग्नाच्या शूटिंगसाठी २४९ ग्रॅमवाला छोटा ड्रोन आहे आणि ओझरचं विमानतळ जवळ आहे. १२० मीटरच्या खाली राहिलो तर विमानाचा आणि आपला संबंध येतोच कुठे? आणि पुढे डिलिव्हरीचे, सर्व्हेचे ड्रोन वाढणारच आहेत तर सगळ्यांना ट्रान्सपाँडर (आपली जागा रेडिओवर सांगणारं यंत्र) बसवून एकाच रडारवर का घेत नाहीत?

भाऊ, मी नाशकातच सर्व्हे आणि फवारणीचे ड्रोन उडवतो आणि नवीन पोरांना शिकवतो पण, म्हणून जरा लांब लिहितो. नियम सांगायच्या आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, की वरून येणाऱ्या पायलटला तुमचा ड्रोन दिसत नाही. नीट बघितलं तर दिसेल असं नाही, दिसतच नाही. लोकांना वाटतं हेलिकॉप्टरवाल्याला दिसेल की, तो वळेल. जरा हिशोब करा. हेलिकॉप्टर ताशी १८० किलोमीटरने येतंय म्हणजे सेकंदाला ५० मीटर. समोरची वस्तू नजरेत येणं, ती काय आहे ते कळणं, धडकेल का ते ठरवणं, हात हलणं आणि मग मशीन खरोखर वळणं, या सगळ्याला अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, एफएएच्या, तक्त्यात साडेबारा सेकंद धरलेत. साडेबारा गुणिले ५० म्हणजे सव्वासहाशे मीटर. आता तुमच्या भाच्याचा तो तळहाताएवढा राखाडी ड्रोन सव्वासहाशे मीटरवर ठेवा आणि खाली उभं राहून, कुठे आहे ते माहिती असताना शोधून दाखवा. मग हेलिकॉप्टरमधला माणूस, ज्याला तो तिथे आहे हेच माहिती नाही, ज्याच्या समोर खाली शेतं, शेडनेट, पत्रे, रस्ते असला सगळा पसारा आहे, त्याला काय डोंबल दिसणार?

म्हणून बाजूला व्हायचं काम शंभर टक्के आपलं. ड्रोन रूल्स २०२१ मध्येही माणूस बसलेल्या विमानाला पहिला हक्क दिलाय आणि ड्रोनने त्याच्यापासून लांब राहायचं असंच लिहिलंय. पण हे नियमात आहे म्हणून नाही, तर दोघांपैकी दुसऱ्याची चाहूल फक्त आपल्याला लागू शकते म्हणून. हेलिकॉप्टरचा आवाज आपल्याला ऐकू येतो, आपला आवाज त्याला जात नाही.

आता ते १२० मीटर, म्हणजे चारशे फूट. ती काही भिंत नाहीये की वर विमानं आणि खाली ड्रोन. बाकी शहरांत कदाचित हे गृहीत धरून चालून जात असेल, नाशकात नाही चालत. आपल्याकडे नाशिकरोडच्या गांधीनगरला आर्मीच्या हेलिकॉप्टर पायलटांची ट्रेनिंग स्कूल आहे, त्या बाजूला राहणाऱ्यांना चेतक-चीता रोज डोक्यावरून जाताना सवयीची झालीत. शिकाऊ पायलटने खाली उडायला शिकणं हा त्या ट्रेनिंगचाच भाग असतो. देवळालीला तोफखान्याची स्कूल, तिथल्या रेंजवर फायरिंग चालतं, तेव्हा वरची हवा सुद्धा बंद असते. ओझरला एचएएलचा विमान कारखाना, तिथे सुखोई बनली, आता तेजसची लाइन सुरू झालीय, १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून पहिलं तेजस मार्क वन ए उडालं. शेजारी हवाई दलाचा रिपेअर डेपो, आणि त्याच धावपट्टीवर आपली प्रवासी विमानं. म्हणजे टेस्ट फ्लाइट, ट्रेनिंग, एअरलाइन, सगळं द्राक्षपट्ट्याच्या डोक्यावर. टेस्टिंगची विमानं कुठून जातात हे निफाड तालुक्याला सांगायची गरज नाही, २०१८ ला पिंपळगावजवळ वावी ठुशीला आणि २०२४ ला शिरसगावला सुखोई शेतात पडलं, दोन्ही वेळेला पायलट इजेक्ट होऊन वाचले. त्याचा ड्रोनशी काडीचा संबंध नव्हता, मी फक्त तुमच्या बागेवरचं आकाश कोण वापरतं ते सांगतोय.

त्यात उंचीची गोम वेगळीच. स्क्रीनवर जी उंची दिसते ती तुम्ही जिथून उडवलं त्या जागेपासूनची असते, ड्रोनच्या खाली आत्ता जी जमीन आहे तिच्यापासूनची नाही. मळ्यात फरक पडत नाही, पण अंजनेरीच्या पठारावरून किंवा सप्तशृंगीच्या बाजूच्या कड्यावरून उडवून दरीच्या वर नेला की स्क्रीन दाखवते ९० मीटर आणि खालची जमीन असते तीनेकशे मीटर खाली. तुम्हाला वाटतंय आपण नियमात आहोत, प्रत्यक्षात तुम्ही विमानांच्या थरात आहात. आणि विमानाचा अल्टिमीटर तिसरंच काहीतरी मोजत असतो, हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची. नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटरवर आहे. म्हणजे तुमची उंची आणि त्याची उंची हे दोन आकडे समोरासमोर ठेवून काही कळतच नाही, आणि ड्रोनला विमानांच्या आकाशात आणायचं म्हटलं की जगभरचे इंजिनियर पहिले इथेच अडकतात, सगळ्यांनी उंची एकाच मोजमापात बोलायची कशी.

ओझरचं गणित आता. नियमात ग्रीन झोन म्हणजे जिथे १२० मीटरपर्यंत परवानगी न घेता उडवता येतं. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन फक्त ६० मीटरपर्यंत, त्याच्या वर यलो, म्हणजे एटीसीची (विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी. ८ किलोमीटरच्या आत ग्रीन नाहीच. रेडमध्ये तर केंद्र सरकारची परवानगी लागते, तो विषय सोडून द्या. आणि अंतर मोजायचं ते विमानतळाच्या हद्दीपासून, टर्मिनलपासून नाही. खूप लोक गूगलवर जानोरीकडच्या टर्मिनलवर पिन टाकतात आणि तिथून मोजतात. अरे धावपट्टीच तीन किलोमीटरची आहे, हद्द त्याहून मोठी, तुम्ही १० किलोमीटर समजताय ते प्रत्यक्षात ८ च्या आत निघू शकतं.

६० मीटर का, तर विमान उतरताना साधारण तीन अंशाच्या उतारावर येतं. धावपट्टीच्या टोकापासून २ किलोमीटरवर असताना ते जेमतेम १०५ मीटरवर असतं, ५ किलोमीटरवर २६० च्या आसपास, ८ किलोमीटरवर सव्वाचारशे. म्हणजे ८ किलोमीटरच्या पुढे ६० मीटरवर तुम्ही असाल तर मध्ये साडेतीनशे मीटरहून जास्त जागा राहते. जास्त वाटते ना? पण विमान नेहमी त्या उतारावरच असतं असं नाही, एखादं लँडिंग सोडून परत वळतं, टेस्ट पायलट खालून पास घेतो, इंजिनाने दगा दिला तर लवकर खाली येतो, आणि तुमचा ड्रोन पण वाऱ्याने किंवा सेन्सरच्या चुकीने वर-खाली होतो. ती मधली जागा याच्यासाठी ठेवलेली असते, आपण थोडं वर जाऊन बघण्यासाठी नाही.

तुमची बाग नेमकी कुठल्या पट्ट्यात येते ते मी इथून सांगणार नाही, गावाच्या नावावरून ते ठरत नाही, एकाच गावात दोन गट दोन वेगळ्या झोनमध्ये निघतात. सरकारच्या डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर आपला गट शोधा, आणि एकदा बघून ठेवलं म्हणजे झालं असं नका समजू. नकाशा बदलतो, आणि राज्य सरकार किंवा पोलीस काही काळापुरता टेम्पररी रेड झोन टाकू शकतात, म्हणून दर उड्डाणाआधी बघणं नियमानेच सक्तीचं आहे. शिवाय नाशिक पोलीस संवेदनशील ठिकाणांसाठी मनाई आदेश काढतात ते वेगळेच, नोट प्रेस आणि लष्कराच्या भागात राहणाऱ्यांना माहिती असेल.

फवारणीचं म्हणाल तर तो ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर चालतो. आकाशाच्या दृष्टीने सगळ्यात निरुपद्रवी. ८ ते १२ च्या पट्ट्यात बाग असेल तर फवारणीला झोनचा काहीच अडथळा नाही, पण त्याच बागेचा नकाशा काढायला सर्व्हेचा ड्रोन १०० मीटरवर नेलात तर परवानगी हवी. पण ८ च्या आत असाल तर दोन मीटर असो की वीस, परवानगीशिवाय नाही, कारण तिथे झोन जमिनीपासूनच सुरू होतो. दहा लिटरच्या टाकीवाले बहुतेक ड्रोन २ ते २५ किलोच्या स्मॉल कॅटेगरीत येतात, त्याला टाइप सर्टिफिकेट (मॉडेलला सरकारी मान्यता) झालेलंच मॉडेल घ्या, युआयएन नंबर (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) काढा, उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे, ते डीजीसीएने (केंद्राच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या ट्रेनिंग संस्थेत कोर्स करून मिळतं, वय १८ ते ६५ आणि दहावी पास. (विचारलं नाहीये तरी सांगतो, मांडवाच्या द्राक्षबागेत ड्रोनने मारलेलं औषध बरंचसं वरच्या पानांवर बसतं आणि डाऊनी रोग बसलेला असतो पानाच्या खालच्या अंगाला, म्हणून फक्त द्राक्षासाठी घेत असाल तर आधी कुणाच्या तरी बागेत भाड्याने मारून बघा. सोयाबीन, मका, ऊस असेल तर गोष्ट वेगळी.)

भाच्याचा २४९ ग्रॅमवाला. त्या ड्रोनबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे कशाबद्दलच नसतील. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनोमध्ये येतो, त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, टाइप सर्टिफिकेट लागत नाही, इन्शुरन्सची सक्ती नाही, हे सगळं खरं. पण झोन सगळ्यांना एकच. रेड म्हणजे नॅनोला पण रेड. आणि ‘ॲपने उडू दिलं म्हणजे चालतंय’ हे तर डोक्यातून काढूनच टाका. ॲपमधला जिओफेन्स, म्हणजे ड्रोनला अडवणारं नकाशावरचं कुंपण, कंपनीने तिच्या हिशोबाने टाकलेला असतो, भारत सरकारचा नकाशा त्यात असेलच असं काही नाही. डीजेआय या ड्रोन कंपनीने तर २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत बऱ्याच ठिकाणचं लॉक काढून नुसती वॉर्निंग ठेवली.

ॲपवर विसंबण्याचं एक प्रकरण मी प्रत्येक बॅचला सांगतो. २१ सप्टेंबर २०१७, न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंड. एकाने फँटम ४ ड्रोन समुद्रावर लांब, चार किलोमीटर आत नेलेला, नजरेच्या पार बाहेर. आर्मीचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर साधारण ३०० फुटांवर होतं, म्हणजे बघा, चारशेच्या खाली. त्या भागात त्या दिवशी तात्पुरती बंदी होती, पण या गड्याच्या टॅबला इंटरनेटच नव्हतं, त्यामुळे ॲपमध्ये ती दिसलीच नाही. धडक झाली, हेलिकॉप्टरच्या मुख्य पात्याला मार बसला, सुदैवाने ते सुखरूप उतरलं. आणि ड्रोनवाल्याला पत्ताच नाही, सिग्नल गेला, परत येईल म्हणून वाट बघत बसला, नाही आला म्हणून पाण्यात पडला असेल समजून घरी गेला. तपासवाल्यांनी हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या मोटरच्या तुकड्यावरच्या नंबरवरून त्याला शोधला. यात काय काय चुकलं ते तुम्हीच मोजा, पण मुळात ड्रोन नजरेसमोर असता आणि कान उघडे असते तर नेट नसूनही टळलं असतं.

नुकसान किती होतं विचाराल तर २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या सुपर स्कूपर विमानाच्या पंखाला छोट्याशा ड्रोनने भोक पाडलं, आग चालू असताना विमान काही दिवस जमिनीवर. आणि नुसता संशय सुद्धा पुरतो, २०१८ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या गॅटविकला ड्रोन दिसला म्हणून हजारेक फ्लाइट अडकल्या, सुमारे १ लाख ४० हजार माणसं लटकली आणि ड्रोन शेवटपर्यंत सापडला नाही.

आता एक सेटिंग, जे जवळजवळ कुणी बघत नाही. रिटर्न टू होमची उंची. सिग्नल तुटला की ड्रोन सरळ घरी येत नाही, आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत वर चढतो आणि मग येतो, मधल्या झाडाला, टॉवरला धडकू नये म्हणून. लोक ती उंची सेफ म्हणून १००-१२० करून ठेवतात. म्हणजे तुम्ही ३० मीटरवर वरातीचं शूटिंग करताय, सिग्नल गेला आणि ड्रोन तुम्हाला न विचारता चढला १२० वर, ८ ते १२ च्या पट्ट्यात असाल तर सरळ यलोमध्ये. आसपासच्या सगळ्यात उंच झाडा-टॉवरपेक्षा दहा-पंधरा मीटर वर एवढीच ठेवा आणि जागा बदलली की बदला.

आणि हेलिकॉप्टर ऐकू आलं की काय करायचं, तर खाली घ्या, लगेच. कुठून येतंय, किती लांब आहे, आपल्याकडे येतंय का, हे बघत बसू नका. साधे ड्रोन सेकंदाला ३ ते ५ मीटरने उतरतात, १०० मीटरवरून झाडाच्या उंचीला यायला २० ते ३० सेकंद जातात आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर एक-दीड किलोमीटर आलेलं असतं. बाजूला पळवू नका, खालीच घ्या, खाली हेलिकॉप्टर येणार नाही अशी एकच जागा असते, झाडांच्या उंचीच्या आत. स्पीकरवर डीजे चालू असेल तर तुम्हाला हेलिकॉप्टर ऐकू येणारच नाही, म्हणून लग्नात एक पोरगा फक्त आकाश बघायला उभा करा. स्क्रीनमध्ये मान घातलेला पायलट आणि शेजारी कुणीच नाही, हे दृश्य मला बघवत नाही.

आता ट्रान्सपाँडरचा प्रश्न, आणि तो चांगला प्रश्न आहे. विमानं एडीएस-बी नावाच्या पद्धतीने आपली जागा सतत रेडिओवर सांगतात, १०९० मेगाहर्ट्झवर. तीच एक फ्रिक्वेन्सी, त्यावरच विमानांची आपसातली टक्कर टाळणारी यंत्रणा पण चालते. तिथे हजारो ड्रोन ओरडायला लागले तर लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी एकदम माइक धरल्यासारखं होईल, कुणाचंच कुणाला ऐकू येणार नाही. म्हणून अमेरिकेत छोट्या ड्रोनला एडीएस-बी वरून स्वतःची जागा पाठवायला उलट बंदीच आहे. ऐकायला मात्र बंदी नाही, बऱ्याच नवीन ड्रोनमध्ये रिसीव्हर असतो, जवळ विमान आलं की स्क्रीनवर इशारा येतो. छान आहे, पण समोरच्याने पाठवलं तरच येणार. लष्करी विमान पाठवेलच असं नाही, आणि नाशकात खाली उडणारे बहुतेक तेच. म्हणून स्क्रीन शांत आहे म्हणजे आकाश रिकामं आहे असं आपल्याकडे तरी धरता येत नाही.

मग पुढचा रस्ता काय, तर यूटीएम. ड्रोनसाठी वेगळी ट्रॅफिक यंत्रणा, ज्यात कंट्रोलर माइकवर बोलत नाही, सॉफ्टवेअर सॉफ्टवेअरशी बोलतं. मी या वेळेला या जागेत या उंचीत राहणार असा एक डबा आधी बुक करायचा, दुसऱ्याचा डबा त्याला छेदत असेल तर सिस्टीम नाही म्हणते किंवा वेळ बदलते, आणि उडताना ड्रोन नेटवर्कवरून आपली जागा सांगत राहतो, डब्याबाहेर गेला की सगळ्यांना कळतं. भारताने याचा पॉलिसी आराखडा २०२१ च्या ऑक्टोबरमध्येच आणला, युरोपात याच यंत्रणेचे, तिकडे तिला यू-स्पेस म्हणतात, नियम २०२३ च्या जानेवारीपासून लागू झाले. ड्रोन विरुद्ध ड्रोन हा प्रश्न यातून सुटेल असं मला मनापासून वाटतं. पण ड्रोन विरुद्ध हेलिकॉप्टर तेव्हाच सुटेल जेव्हा हेलिकॉप्टर पण त्या यंत्रणेला दिसेल. युरोपने तेच केलं, यू-स्पेसमध्ये एटीसीच्या ताब्यात नसलेल्या विमानाने पण स्वतःला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखवायचं. आपल्या गांधीनगरचं हेलिकॉप्टर कुठे आहे हे मोबाईल ॲपवर सगळ्यांना दिसावं असं आर्मी कधी म्हणेल का? नाही म्हणणार, आणि म्हणूही नये. त्यामुळे अशा शहरात उत्तर बहुधा उलट्या बाजूने येईल, हेलिकॉप्टर कुठे आहे ते न दाखवता अमुक वेळ अमुक भाग बंद एवढंच यंत्रणा सांगेल आणि ड्रोन उठणारच नाही. आपल्या नियमांत ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ ही सोय, रिअल टाइम ट्रॅकिंग आणि जिओफेन्सिंग पुढे आणायची तरतूद आहेच. ड्रोनवाले त्याला कटकट म्हणतात, मला तीच सगळ्यात प्रामाणिक सोय वाटते.

याची पहिली मोठी परीक्षा लांब नाहीये. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. ऑगस्टमध्ये त्र्यंबकला ढग कुठे असतात माहितीये ना, ब्रह्मगिरी दिसत नाही दिवस दिवस. हेलिकॉप्टरला बाहेर बघून उडायचं असेल तर ढगाच्या खालीच राहावं लागतं, म्हणजे व्हीआयपी असो की पेशंट नेणारं, ते सगळे नेहमीपेक्षा खाली दाबले जाणार, आणि खालून गर्दी मोजणारे, टेहळणीचे सरकारी ड्रोन, चॅनेलवाले, आणि कुणाला न विचारता आलेले रीलवाले. सगळे त्याच शंभर-दीडशे मीटरच्या फटीत. तिथे अँटी ड्रोन यंत्रणा असणार हे धरूनच चाला, ती सिग्नल आणि जीपीएस दोन्ही दाबू शकते, आणि जीपीएस गेला की रिटर्न टू होम पण गेलं, ड्रोन वाऱ्यासोबत वाहत जातो आणि खाली असतो लाखोंचा जमाव. भाच्याला कुंभात शूटिंगची ऑर्डर आली तर प्रशासनाची लेखी परवानगी हातात असेल तरच घ्यायची, ‘आमचं बोलणं झालंय’ यावर नाही.

जाता जाता दोन-तीन गोष्टी. नांदूर मधमेश्वर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नको, अंजनेरीला गिधाडं आहेत तिथेही नको, त्यांचं पण आकाश आहे. संक्रांतीच्या आठवड्यात येवल्याकडे ड्रोन नेऊच नका, मांजा पंख्यात गेला की संपलं. फवारणीच्या ड्रोनला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे, तो घेताना पॉलिसीत फवारणीचं काम झाकलंय का ते वाचा, नुसतं ‘ड्रोन’ लिहिलेलं पुरत नाही. अपघात झाला तर ४८ तासांच्या आत डीजीसीएला कळवायचा असतो, लपवू नका. नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत जातो, शिवाय मनाई आदेश मोडला तर पोलीस केस वेगळी. आणि बाग ८ किलोमीटरच्या आत निघाली तर ड्रोन बुक करायच्या आधी परवानगीचा अर्ज टाकून बघा, विक्रेता म्हणेल नंतर होऊन जाईल, पण एकदा पैसे गेले की तो काही तुमच्यासाठी एटीसीकडे खेटे घालणार नाही.